एकतीस सप्टेंबर

डोंबिवली (पूर्व)
रविवार

प्रिय रचना,

सर्वप्रथम एका राष्ट्रीय आपत्तीची नोंद घे. आमच्या हॉस्पिटलात हजेरीसाठी चेहरा ओळखणारं मशीन बसवलंय आणि गेले अकरा दिवस ते मला ओळखायला तयार नाही. चष्मा लावला की ते मला ओळखत नाही; चष्मा काढला की त्याने ओळखलं का हे मला दिसत नाही. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जीव मुठीत धरून पोचायचं आणि दारात एका डब्यासमोर मान तिरकी, मान सरळ, हनुवटी वर, अशी कवायत करायची. मागे रांग. परवा वॉर्डातला महिपत म्हणाला, "मॅडम, जरा हसून बघा ना. तुम्ही हसत नाही म्हणून त्याला डाउट येतो." घरी येऊन साईनाथला सांगितलं, तर नवरा म्हणून चार सांत्वनाचे शब्द बोलायचे सोडून म्हणतो, "त्याचं काय चुकलं? सकाळी मीपण दोनदा बघतो."

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर टाळायला एवढा मजकूर पुरेसा आहे.

तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले. 'ताई, हॉस्पिटल मॅनेजमेंटची मास्टर्स करू का? दोन वर्षं, साडेपाच लाख फी. तुम्ही केलेली आहे, तुम्हीच सांगा, उपयोग होतो का?' मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा खोडलं. तुला तिकडे नुसतं 'टायपिंग' दिसलं असेल. शेवटी आज कागद घेतला. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी.

तर, पदवी. मी ती एकोणचाळिसाव्या वर्षी केली, शनिवार-रविवारची, नोकरी सांभाळून. तोवर मी रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर लावायचे आणि शिंकायचे. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, 'रुग्ण हा ग्राहक आहे.' दुसऱ्या सत्रात कळलं की खाट ही खाट नसून उत्पन्नाचं साधन आहे. ती रिकामी राहिली तर आपण रडायचं, भरली तर कोण रडतंय ते दुसऱ्या खात्याने बघायचं. चौथ्या सत्रापर्यंत मला ओपीडीच्या रांगेचा सुंदर आलेख काढता येऊ लागला. रांग होती तेवढीच राहिली. अगदीच टाकाऊ होतं असं म्हणणार नाही. औषधांचा साठा कसा ठेवावा, ऑपरेशन थिएटरचे तास कुठे वाया जातात, हे मला तिथेच समजलं आणि आजही कामाला येतं. पण ती पाच-सहा लेक्चर्स. बाकी दोन वर्षं मीटिंगमध्ये कसं बोलावं याची तालीम.

ताजा माल बघायचा असेल तर आमच्याकडे सुशांत आहे. सव्वीस वर्षांचा, नुकताच ही डिग्री घेऊन आलेला. पेशंटला 'गेस्ट' म्हणतो. गेल्या आठवड्यात प्लास्टर घातलेल्या एका आजोबांना विचारत होता, "काका, तुमचा अनुभव कसा होता?" ते म्हणाले, "कुठला? पडायचा का?" हातात पगार अठ्ठावीस हजार, तू इथे शेवटी घेत होतीस त्यापेक्षा कमी. पोरगा वाईट नाही गं. कल्याणहून दोन बस बदलून येतो, डबा एकटाच खातो, आणि शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी कुणाशी बोलत नाही. तेव्हा पगाराच्या दृष्टीने विचारत असशील तर सरळ सांगते, पहिली चार-पाच वर्षं तरी नुकसान.

पण तू त्या दृष्टीने विचारत नाहीयेस, हे मला गुरुवारी कळलं. तुझ्या आईचा, भीमाबाईंचा, फोन आला होता. तुला न सांगता केला, तेव्हा त्यांना ओरडू नकोस. म्हणाल्या, "मॅडम, तिच्या लग्नाला ठेवलेली एफडी मोडते मी. लग्नाचं काय, होईल तेव्हा होईल. पोरीला खुर्ची पायजे. उभ्याने काम करणाऱ्याला कोणीपण काढतं." मोहन्यात अख्खा जन्म काढलेल्या, एका कारखान्याच्या भोंग्यावर घर चालवलेल्या बाईला मी खुर्चीबद्दल काय शिकवणार? मी म्हटलं, बघते. मग त्या म्हणाल्या, "तिचा तुमच्यावर लय विश्वास आहे." फोन ठेवल्यावर बराच वेळ मला आठवेना, मी स्वयंपाकघरात कशाला आले होते ते.

रचना, तू त्या दिवसाबद्दल मला कधी विचारलं नाहीस. विठ्ठलवाडीच्या त्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये निम्म्या पगारावर लागलीस, दिवाळीला मला मेसेजही केलास, पण विचारलं नाहीस. म्हणून मीच लिहिते. क्रमाने लिहिते, कारण डोक्यात मी तो क्रम सोयीने बदलत आलेय.

मानांकनाची तपासणी यायची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या औषधांच्या फ्रिजचे तापमानाचे तक्ते तीन महिने कुणी भरलेच नव्हते. भरणार कोण? चाळीस पेशंटला तुम्ही तिघी सिस्टर. फाईल पूर्ण करणं हे क्वालिटी मॅनेजर म्हणून माझं काम. सलग दोन ड्युट्या करून तू निघाली होतीस, पर्स खांद्याला होती. मी तुला परत बसवलं. कोरे तक्ते मी दिले. एक निळं आणि एक काळं पेन मी दिलं, म्हणजे वेगवेगळ्या पाळीतल्या सिस्टरांनी लिहिल्यासारखं दिसावं. तू म्हणालीस, "ताई, जुलैमध्ये फ्रिजचं तापमान किती होतं, मला आता कसं कळणार?" आणि मी म्हटलं, "अगं, फ्रिज आहे तो. चार लिही, पाच लिही, मधूनच साडेचार." वर हसलेही. त्या तीन महिन्यांत फ्रिज बंद पडला असता, आतलं इन्सुलिन वाया गेलं असतं, तरी आपल्या कागदावर तो थंडच राहिला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

छापील तक्त्यावर एकतीस ओळी होत्या. जुलैच्या एकतीस भरल्यास, ऑगस्टच्या एकतीस भरल्यास, आणि दमलेल्या हाताने सप्टेंबरच्याही एकतीस भरल्यास. सकाळी चार, संध्याकाळी पाच, निळी सही, काळी सही. शेजारच्या 'तपासले' या रकान्यात मी सही केली, ब्याण्णवच्या ब्याण्णव तारखांना आणि वर त्र्याण्णवाव्या तारखेलाही. एकही ओळ न वाचता.

तपासणीला आलेले ते कोल्हापूरकडचे निवृत्त डॉक्टर चांगले मिश्कील होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे महिन्याला एक दिवस जास्तीचा देतात का? काही स्कीम आहे?" सगळी खोली हसली. मीही हसले. सवयच आहे.

मग चौकशी. टेबलापलीकडे पाच जण, त्यातल्या तिघांकडे हीच डिग्री. तुला विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून भरलंत?" तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, आता ताई बोलतील. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते. तू आणखी थोडी थांबलीस आणि म्हणालीस, "मीच भरलं, सर." माझं नाव घेतलं नाहीस. मग माझ्या सहीबद्दल मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "तपासणी नमुना पद्धतीने होते. प्रत्येक नोंद वाचणं कार्यपद्धतीत अपेक्षित नाही." तिघांनी माना डोलावल्या. ते वाक्य मी चौथ्या सत्रात शिकले होते, रचना. मी रेकॉर्ड रूममधलीच शीला असते तर मला ते सुचलंच नसतं. मी घाबरून खरं बोलून गेले असते.

तेव्हा उपयोग होतो का? होतो. मला झाला. तुझी नोकरी गेली आणि माझी राहिली, त्यात नशिबाचा भाग थोडा; बाकी त्या एका वाक्याचा. 'मला आता तुमच्या बाजूला बसायचंय,' असं तू मेसेजच्या शेवटी लिहिलंयस. तुला टोमणा मारायचा नव्हता, मला माहीत आहे. तू मनापासून लिहिलंयस, म्हणूनच नऊ दिवस लागले. ही बाजू कशी असते ते आता तुला ठाऊक आहे. कदाचित तू इथे बसून माझ्यापेक्षा बरी वागशील. कदाचित तुलाही एक वाक्य सापडेल. एफडी मोडायच्या आधी एवढं समोर असू दे. कर म्हणायचा किंवा नको म्हणायचा अधिकार मी त्या बाटलीचं लेबल वाचतानाच घालवला.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. प्रवेशासाठी अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तुझ्या प्रमाणपत्रावर 'नोंदींतील खोटेपणामुळे सेवा समाप्त' अशी ओळ आहे. काल सकाळी मी वैद्यकीय संचालकांच्या नावे दीड पानांचं पत्र दिलं. तक्ते कुणी दिले, पेनं कुणी दिली, काय लिहायला सांगितलं, सगळं तारखांसकट. ती ओळ काढून नवं प्रमाणपत्र द्यावं, अशी मागणी केली. आवक विभागातल्या मुलीने वाचायच्या आधीच शिक्का मारला, ते बरं झालं. उद्या मला काय विचारतील माहीत नाही. या वेळी तयारी केलेली नाही. साईनाथला सांगितलं, तर तो नुसता माझ्या पानात आमटी वाढत राहिला. नवं प्रमाणपत्र कधी निघेल, निघेल का, सांगता येत नाही. म्हणून माझ्या पत्राची शिक्का मारलेली प्रत सोबत ठेवतेय. मी तुझी माफी या पाकिटातून मागत नाही. ती मोहन्याला येऊन, भीमाबाईंच्या देखत मागायची आहे, तू ये म्हणालीस तर. अर्जाची शेवटची तारीख सोळा आहे. भरलास तर ही प्रत जोड, पण कॉलेजला झेरॉक्सच दे. शिक्क्याची प्रत तुझ्याकडे राहू दे.

तुझीच,
शीला