अधिक नऊ महिने

६ एप्रिल, रविवार
आजपासून रजिस्टर सुरू. हिरव्या बांधणीचं, कंपनीच्या स्टोअरमधून रीतसर सही करून आणलं. तीन रकाने आखले: ऐतिहासिक घटना, तारीख अधिक नऊ महिने, जन्मलेली थोर व्यक्ती. सिद्धान्त साधा आहे. देशात मोठं काही घडलं की नऊ महिन्यांनी मोठं माणूस जन्माला येतं. हे आजवर कुणी नीट तपासलेलं दिसत नाही. मी तपासणार.

सुजाता नाशिकला माहेरी आहे. पंधरा दिवस म्हणून गेली, त्याला आज नऊ आठवडे झाले. हवापालट चांगलाच असतो. जानेवारीत, चौथ्या महिन्यात, आमचं बाळ गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, कारण सापडत नाही. मी अकरा वर्षं यार्नच्या कंपनीत क्वालिटी बघतोय. कारण नसलेलं एकही रिजेक्शन मी पाहिलेलं नाही.

'रिजेक्शन' हा शब्द बरोबर नाही. खोडला. (खोडताना एकच आडवी रेघ आणि बाजूला सही, हा माझ्या डिपार्टमेंटचा नियम. दुसरा नियम: रिकामा रकाना ठेवायचा नाही.)

८ एप्रिल
पहिली एन्ट्री अर्थात मी. २५ जून १९८३, भारताने वर्ल्डकप जिंकला. माझा जन्म १८ मार्च १९८४. फक्त सात दिवसांचा फरक! अंगावर काटा आला.

आईला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, बाबा नऊ वाजताच झोपले होते, त्यांना क्रिकेटचा रागच होता. शिवाय तू पंधरा दिवस उशिरा झालास. आईचं वय झालंय. एन्ट्री कायम.

सुजातासाठीही शोधलं. नऊ महिने आधी महाराष्ट्रात दुष्काळ. तिला सांगायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार
मूळ कारण सापडलं! डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाळाची तारीख २८ जून होती. डॉक्टरी हिशेबाने २६६ दिवस मागे मोजत गेलं की गेल्या वर्षीचा ५ ऑक्टोबर येतो. त्या दिवसाची सगळी वर्तमानपत्रं इंटरनेटवर चाळली. जगात काहीही घडलं नव्हतं. अगदीच भाकड दिवस. बिचाऱ्या बाळाला पाठबळच नव्हतं.

म्हणजे माझी चूक नाही. तिचीही नाही. हे तिला कळलं की ती दुसऱ्या दिवशी बस पकडेल.

उपाययोजनाही तयार आहे: २ ऑगस्ट, आपल्या इथला, दादरा नगर हवेलीचा मुक्तिदिन. कंपनीला सुट्टी, वर ऐतिहासिक दिवस. सकाळी परेड पाहायची. मे महिन्यात थोर व्यक्ती.

२० एप्रिल
सचिन: सिमला करारानंतर बावीस दिवस अधिक नऊ महिने. गावसकर: हैदराबाद मुक्तीनंतर तेवीस दिवस अधिक नऊ महिने. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, आधी सात दिवसांचा ठेवला होता, आता पंचवीस केला. दोघेही पास. कस्टमरसाठी आपण हेच करतो.

मेहुणा श्रीकांत याचा फोन. त्याला सिद्धान्त सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, भावजी, ताईच्या मनाला ते फोनचं लागलंय. ते म्हणजे: बाळ गेलं त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं आणि माझा फोन लॉकरमध्ये. शॉपफ्लोअरवर फोन न्यायचा नाही हा नियम मीच केला, मीच कसा मोडणार? सुजाताचे सात मिस्ड कॉल होते. शेवटी घरी स्वयंपाकाला येणारी आक्काबाई तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. मी संध्याकाळी पोचलो. पहिलाच फोन उचलला असता तरी मी काय करणार होतो? मी डॉक्टर नाही.

ऑडिटमध्ये एकही त्रुटी निघाली नव्हती. हे कुणी विचारतच नाही.

४ मे, रविवार
ब्रेकथ्रू! सचिनबिचिन सोडा, पुरावा आपल्या राखोलीच्या प्लान्टमध्येच होता. एचआरच्या मानसीकडून अकरा वर्षांच्या 'उत्तम कामगार' विजेत्यांची यादी मागवली. बावीसपैकी पंधरा जणांचा जन्म एक जूनचा. पंधरा! वर्षं वेगळी, पण तारीख तीच. बहुतेक सगळे धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे. नऊ महिने मागे जा, सप्टेंबरची सुरुवात. म्हणजे त्या काळात खानदेशात दरवर्षी काहीतरी प्रचंड घडत असणार. गणपती असावेत.

सुजाताला मेसेज टाकला: अत्यंत महत्त्वाचं, भेटल्यावर सांगतो, कधी येतेस? निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. नाशिकला रेंज कमी असावी.

१ जून, रविवार
मुहूर्त साधायचा म्हणून केक घेऊन राखोलीला आक्काबाईच्या खोलीवर गेलो. तिचा नवरा झुंबर आमच्याकडे ऑपरेटर, २०१९चा उत्तम कामगार, जन्म एक जून. हॅपी बर्थडे म्हटलं. तो खाटेवरून उठून उभाच राहिला. त्याला वाटलं, कामावरून काढायला आलो.

आक्काबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "साहेब, शाळाना मास्तरनी समदा पोरेस्नी तारीख एक जूनच लिखेल शे." शाळा जूनमध्ये उघडते, घरात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते, मास्तर वय भरेल अशी तारीख टाकून मोकळा होतो. तिचीही एक जूनच. झुंबर खरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. कुठल्या वर्षीच्या पोळ्याच्या, ते त्याच्या आईलाच माहीत होतं, आणि ती गेली.

पंधरा थोर व्यक्ती एका मास्तराने घालवल्या. केक कापला तरी. छान होता.

निघताना आक्काबाईने विचारलं, "ताई कवय येतीन?" येतील लवकरच, म्हणालो. ती म्हणाली, त्या दिवशी रिक्षात ताई सारख्या फोन लावत होत्या, आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, आता उचलेल.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं.

२२ जून, रविवार
ठरवलं, एक जूनचं नावही काढायचं नाही, थेट २ ऑगस्टवर यायचं. सुजाताला फोन लावला. चौथ्या वेळेला उचलला. मी सगळं सांगितलं: ५ ऑक्टोबर, भाकड दिवस, दोष कुणाचाच नाही, मुक्तिदिन, परेड. बराच वेळ बोललो. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. मला वाटलं, पटतंय.

मग म्हणाली, मी इथे एका शाळेत नोकरी धरली आहे, उदय. सोळा तारखेपासून जातेय. २ ऑगस्टला येणार नाही. पुढचं मला आज सांगता येणार नाही.

मी म्हटलं, निदान सिद्धान्त तरी...

ती म्हणाली, ५ ऑक्टोबरला काही घडलं नाही असं कुणी सांगितलं तुला? शनिवार होता. आपण स्कूटरवरून दुधनीला गेलो होतो, धरणाच्या पाण्यापाशी. परत येताना पंक्चर झालं, दीड तास स्कूटर ढकलत आलो. तुझा फोन घरी राहिला होता. चार तास तू फक्त माझ्याशी बोललास. लग्नानंतर पहिल्यांदा. घरी आल्यावर मी देवापुढे साखर ठेवली होती.

मग तीही रडली आणि मीही. फोन कुणी आधी ठेवला, लक्षात नाही.

२८ जून, शनिवार
चिठ्ठीवरची तारीख आजची. रजा टाकली. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' लिहिलं.

टॉलरन्सचा सगळा भाग खोडला. वर्ल्डकप खोडला, बाबा झोपले होते. एक जूनचं पान खोडलं. प्रत्येक ठिकाणी एक रेघ आणि सही. सह्या करून हात दुखला. मग स्वच्छ पानावर एकच एन्ट्री केली.

ऐतिहासिक घटना: फोन घरी राहिला.
तारीख अधिक नऊ महिने: आजची.
जन्मलेली व्यक्ती:

रिकाम्या रकान्यात आडवी रेघ मारून सही करायची असते. पेन धरून बराच वेळ बसलो होतो. आक्काबाई येऊन पोळ्या करून गेली. रेघ काही मारली नाही.