पंधरा दिवसांचा चहा

अनुजा,

पहिल्या पाळीला निघालोय. झोप लागली हुती तुझी, म्हणून उठवलं न्हाय.

काल तुला न सांगता तुझ्या डॉक्टरबाईंकडं गेलतो. डिप्रेशनला गोळ्या कशाला, बोललं की बरं वाटतंय, म्हणून मीच तुझ्या गोळ्या बंद पाडल्या. वर बोलायला म्हणून कोडोलीची आक्का, मावशी, तालमीच्या गल्लीतल्या वहिनी, रोज एकेकीला घरी आणून बसवलं. बाईंनी लई झापलं. म्हणाल्या, "अहो, बोलायचं तिनं असतं, ऐकायचं दुसऱ्यानं. काहींना नुसतं बोलून बरं वाटतं, काहींना गोळ्यांनी. तिला सध्या दोन्ही लागणार."

आणि तू पंधरा दिवस सगळ्यांचं ऐकत चहा करत राहिलीस की गं. चुकलं माझं.

गोळ्या परत कशा सुरू करायच्या ते त्या आज पाचला सांगणार हायत. मी शिरोलीच्या कारखान्यातनं थेट घरी येतो, तयार ऱ्हा. आक्काला येऊ नको म्हटलंय. फुगलीया, फुगू दे.

येताना दूधकट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध पिऊ. मी गप बसणार. तू बोल, न्हाय बोललीस तरी चालतंय.

चहा थर्मासमध्ये हाय. एकच कप केलाय, तुझ्यापुरता.

विजयसिंह