दूध तोडल्यावर

आये,

कालपासून धाकटीबी शाळेत जायला लागली. दोघी पोरींना व्हॅनमध्ये बसवलं आन अंघोळीला गेले. सवयीनं दार नुसतं लोटलं. इतकी वर्सं मी कडी लावलीच न्हाई, पोरी रडल्या तर ऐकू यावं म्हणून. काल मागं वळून लावली. आन बादलीतलं पाणी गार होईस्तोवर तशीच बसून राहिले.

तू फोनवर इचारलंस, "आता दिवसभर काय करतीस गं?" मी म्हटलं, "लय झोपते." झोप येत न्हाई, आये. नुसता शीण हाय.

हे पत्र टाकणार न्हाई. तुला वाचता येत न्हाई, धाकटा बिरदेव वाचून दाखवंल आन म्हणंल, ताईला सुख दुखतंय.

तू सांगायचीस, कोकराचं दूध तोडलं की मेंढी एक-दोन दिवस वरडते, मग खाली मान घालून चरायला लागते. माझंबी तसंच हुईल, असं तुला वाटत असंल. पण मेंढीपुढं माळ असतो, आये. मी या शहरात, विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत काय चरू?

तुझी,
उत्कर्षा