जाड न

५ मे, सोमवार
आधी दुरुस्ती. परवा लिहिलं की बालवाडीचं ॲप 'जवळजवळ तयार' आहे. ते खोटं नाही, पण चूक आहे. तयार फक्त आयकॉन आहे. यापुढे या वहीत अंदाज नाहीत.
खरी स्थिती: बालवाडीत शिकवणारी बायजा आत्या आणि तिथलेच कै. आलोशियस सर यांनी सोळा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरसाठी 'बोलकी बाराखडी' केली. अक्षरावर क्लिक केलं की आत्याचा आवाज येतो. आता बालवाडीला टॅब्लेट मिळालेत, त्यांवर ती चालत नाही. आत्या निवृत्त झाली. मुलांपर्यंत पोचणारा तिचा एवढाच आवाज उरलाय. सोळा जूनला बालवाडी उघडायच्या आत मी तो टॅब्लेटवर आणणार. शाळेत जाईपर्यंत मला आत्यानेच घरी शिकवलं. म्हणजे हे काम दुसऱ्या कोणाचं नाहीच.

८ मे, गुरुवार
संकेत बोळिंजहून स्कूटरवर शिकवायला आला. कॉलेजात एका वर्गात होतो. त्याने दोन नियम सांगितले: आवाजाच्या फाईलींची नावं इंग्रजीत, सगळी स्मॉल, आणि जुन्या कॉम्प्युटरवरचं काही पुसायचं नाही. दोन्ही लिहून घेतले. माझा हा गुण आहे.

१२ मे, सोमवार
मूळ फाईलींना नुसते आकडे आहेत. एकेक ऐकून नाव दिलं. पंधराव्या फाईलीला 'एन ए'. विसावीलाही तेच आलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? घाई केली नाही. दोन्ही तीन-तीनदा ऐकल्या. दोन्हींत न. पंधरावा जरा जाड, विसावा स्वच्छ. आत्याला त्या दिवशी सर्दी असणार. स्वच्छ ठेवला आणि ण, न दोन्ही बटणांना जोडला. लिहायला वेगळे, बोलायला एक. एवढं मला कळतं.

२३ मे, शुक्रवार
जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला. बदल्यात बालवाडीला दोन बादल्या. संकेतचा नियम पाळला. मी काहीच पुसलेलं नाही.

४ जून, बुधवार
विश्वासघात.
संकेत ॲप तपासायला आला. मला बाजूला घेऊन सांगायचं, तर आत्यासमोरच म्हणाला, "रचना, ण दाबला की न वाजतोय." मी म्हटलं, तोच तर आहे. त्याने मला पाणी, बाण, कणीस म्हणायला लावलं. मी स्पष्ट म्हटलं. तो हसून म्हणाला, छान, आता ते कनीस भाजून खाऊ.
आत्या हसली नाही. "माझा ण कुठं गेला?" त्या एका अक्षरासाठी सरांनी म्हणे तिला आठ दिवस बसवलं होतं.
मी म्हटलं, संकेतने मागे उघडून पाहिलं तेव्हा गेला असेल. हा आरोप नाही, शक्यता आहे. आत्याने त्याच्यापुढची पोह्यांची बशी उचलली. एवढं करायला नको होतं, पण बशी तिची. तो स्कूटर काढून गेला. फोन उचलत नाही. मी अजून केलेला नाही, पण उचलणार नाहीच.

६ जून, शुक्रवार
आत्याला विचारलं, मशीनला ण दिलास, मग मला न का शिकवलास?
म्हणाली, "तू घरातली गो. घरात कोन ण बोलतं?"
म्हणजे चोवीस वर्षं मी न घेऊन फिरतेय. मुलाखतींत, बँकेत, संकेतसमोर. सगळे ऐकून गप्प. आणि सुरुवात रक्ताच्या माणसाने केली. सकाळपासून अन्नाला शिवले नाही. दुपारी सुके बोंबील होते, तेवढेच घेतले.

९ जून, सोमवार
ण पुन्हा रेकॉर्ड करायला बसलो. फेब्रुवारीत आत्याला कवळी बसली. जीभ टाळूऐवजी कवळीला लागते. बावीस टेक, बावीस न. तिचे डोळे भरले. "सरांनी दिलेला तेवढाच होता," म्हणाली, आणि संकेतच्या नावाने बोटं मोडली. मी तेव्हाच खरं सांगणार होते, पण तिला ब्लडप्रेशर आहे. शुक्रवारी सांगेन.

१३ जून, शुक्रवार
आत्याकडे पाहुणे. संकेतचा विषय तिनेच काढला: शिकलेली पोरं, वडीलधाऱ्यांचं केलेलं धुळीला मिळवतात. मी मान हलवली नाही. अर्धीच हलवली.

१६ जून, सोमवार
बालवाडी उघडली. आत्यालाही बोलावलं होतं. मुलांनी ण दाबला. आठ टॅब्लेट, आठ न.
आत्या उठली. कवळी काढून पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "ण." मुलं आधी हसली, मग सगळ्यांनी म्हटला. पहिल्या फटक्यात. मग ती माझ्याकडे वळली.
"रचना, तू पन म्हन."
मी म्हटलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ताईंना येत नाही.
आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "फाईलींना नावं ऐकून कोनी दिली?"
मी म्हटलं, मी.
घरी आलो तेव्हा दारात म्हणाली, त्या पोराची माफी मागायला उद्या मीच जाते, तू राहू दे.
हे मला मान्य नाही. चूक माझी, माफी माझी. तिच्याआधी मीच जायला हवं. पण 'ण मी घालवला' हे सांगताना ते अक्षर म्हणावं लागेल, आणि न आला तर तो पुन्हा हसेल. म्हणून उद्याचा अख्खा दिवस सरावाला. माफी बुधवारी, १८ जूनला, सकाळी ठीक अकरा वाजता.