ज्वारीच्या शेतात उभी आपल्या कंपनीची गाडी

बाबा,

मी तुमच्या कंपनीची गाडी घेतली. आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागाहून, कारण महिनाभर हे मनात घेऊन फिरतेय आणि इथे ज्याला सांगावं त्याला त्यातलं काही कळत नाही. नवी नाही, जुनी आहे. मागे उघडा हौदा असलेली पांढरी पिकअप, इथे तिला यूट म्हणतात. हौद्याच्या कोपऱ्यात अजून गवताच्या काड्या अडकलेल्या आहेत आणि ड्रायव्हरच्या सीटला कुत्र्याचा वास येतो. पण बॉनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर आपल्या गावाचं नाव आहे, बाबा. खाली बनवल्याचं वर्ष. तुम्ही गेलात त्याच्या आदलं.

तुम्हाला पुष्कळच गोष्टी माहीत नाहीत. तुमच्यानंतर तीन वर्षांनी मी ऑस्ट्रेलियात आले. टूवूंबा म्हणून गाव आहे, डोंगराच्या कडेवर वसलेलं, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तुम्हाला अकरा वर्षांची नात आहे. मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. तुमचे जावई मेलबर्नजवळ ट्रुगानिनाला नोकरीसाठी राहतात, महिन्यातून दोनदा यायचे. यायचे म्हणते, कारण जगभर एक साथ पसरलीय, राज्याराज्यांच्या सीमा बंद आहेत, आणि ते आणि त्यांची गाडी तिकडेच अडकलेत. आमच्या लॅबमध्ये दिवसभर नाकातले स्वॉब येत राहतात. पहाटेची शिफ्ट असते, तेव्हा बस नसते. आणि अशातच एका सकाळी माझ्या गाडीपुढे कांगारू आला. मला खरचटलंही नाही, गाडी मात्र भंगारात गेली.

मग गाडी शोधायला लागले तर गाड्याच नाहीत. नव्या गाडीला आठ महिने थांबा म्हणतात, कारण जहाजं अडकलीत आणि कुठल्याशा चिप मिळत नाहीत. जुन्या गाड्या सकाळी जाहिरात आली की दुपारी गेलेल्या. लॅबमधली एक मैत्रीण मला घेऊन जायची, पण नियम आला की दोघींनी एका गाडीत बसायचं नाही, एक आजारी पडली तर दोघी घरी बसतील. मग मी चालत जाऊ लागले. तासभर. लॅबच्या साहेबांनी विचारलं, काही दिवस रजा घेतेस का. त्यांना वाईट वाटलं म्हणून विचारत होते, पण मी घाबरले. माणसं कमी पडत होती आणि मी नसते तर माझे नमुने कुणी तपासायचे?

अशा वेळी फोनवर ती जाहिरात दिसली. फोटो वाकडा काढलेला, पण समोरची जाळी बघितली आणि मी खुर्चीतून उठलेच. ती जाळी मी ओळखणार नाही होय? आपल्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे अशा शेकडो गाड्या उभ्या असायच्या, समुद्रापार जाण्यासाठी. तुम्ही म्हणायचात, या कुठे जातात देव जाणे, पण इथून निघताना दार नीट लागलं पाहिजे. फायनल इन्स्पेक्शनला वीस वर्षं तुम्ही हेच केलंत, दार लावायचं आणि कान देऊन ऐकायचं.

मला मी बारावीत होते तेव्हाची एक सकाळ आठवते. गाड्या खपत नव्हत्या, कंपनी आठवड्यातून तीनच दिवस चालत होती. तुम्ही अकरालाच घरी आलात, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरलात. आई कणीक मळतेय. तुम्ही ओट्याला टेकून सांगताय, की आज वरच्या साहेबांनी गेटवर सगळ्यांना उभं करून सांगितलं, दिल्लीला जाऊन मदत मागायची नाही असं ठरलंय. बाकीच्या कंपन्या जातायत, आपण जायचं नाही. सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच पैसा. गाडी घेतली नाही त्याच्याकडून तो का घ्यायचा? गिऱ्हाइकानं ठेवलं तर राहू. आईने हात न थांबवता विचारलं, "आणि नाही ठेवलं तर?" तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात.

पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्कूटर काढलीत. तुमच्या खात्यातल्या सगळ्यांनी ठरवलं होतं, बसून राहायचं नाही, ज्यांनी ज्यांनी गाडी घेतलीय त्यांच्या घरी जाऊन तक्रारी लिहून घ्यायच्या आणि जमेल ती जागच्या जागी दूर करायची. एकदा मला मागे बसवून नेलंत. शाळेतले एक हेडमास्तर होते, त्यांच्या गाडीच्या मागच्या दाराचा खडखडाट होत होता. ते तुमच्यावर पाऊण तास चिडले. तुम्ही वही धरून ऐकत होतात. मला तुमची लाज वाटत होती, आज कबूल करायला हरकत नाही. मग तुम्ही खिशातून रबराची पट्टी काढली, दाराच्या कडेला बसवली, दार लावलंत, उघडलंत, पुन्हा लावलंत. हेडमास्तरांनी स्वतः एकदा लावून पाहिलं. चहा आला. निघताना म्हणाले, "पुढची घेईन तीही तुमचीच घेईन. माझ्या दारात कुणी आलं, हे मी विसरणार नाही." आणि दोन वर्षांनी त्यांनी खरंच घेतली. तसे कितीतरी लोक. सगळं गाव आपल्या कंपनीच्या गाडीला ट्रॅक्टर म्हणून हसायचं आणि तीच घ्यायचं. कंपनी त्यांनी वाचवली.

हे सगळं पाहिलेली मी, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी परदेशी कंपनीची लाल गाडी घेऊन दारात आले. तुम्ही नारळ फोडलात, हार घातलात, शेजाऱ्यांना पेढे वाटलेत. बसला मात्र नाहीत. मी दोनदा आग्रह केला तेव्हा म्हणालात, "गाडी छान आहे. पण वाईट दिवसांत आपली चूल कुणी पेटती ठेवली, ते विसरू नकोस." मी म्हटलं, कंपनीचं मीठ तुम्ही खाल्लंत, मी नाही. तुम्ही हार सरळ केलात आणि आत गेलात. त्यानंतर दोन वर्षंही मिळाली नाहीत तुम्हाला.

तर मी फोन केला. तासाभरावरचं शेत होतं, मैत्रिणीने नियम मोडून मला आणि मुलीला फाटकापर्यंत सोडलं. बाबा, दोन्ही बाजूंना ज्वारी होती! कणसं भरलेली, तांबूस, पार क्षितिजापर्यंत. मी मुलीला ओरडून सांगत होते, अगं ज्वारी आहे, आणि ती म्हणत होती, "ममा, काम डाउन." पुढे हरभऱ्याचं रान. आणि शेडच्या बाहेर, धुळीत, ती उभी. मुलीने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इट्स अ ट्रॅक्टर." मला इतकं हसू आलं की मास्कच्या आत चष्मा धुरकटला.

शेतकरी सत्तरीच्या पुढचा, लांब हातांचा माणूस. लांबूनच हात केला. म्हणाला, बारा वाजता दुसरा एकजण येणार आहे, तो मागेन ते द्यायला तयार आहे, तेव्हा बघून घे पण भरवसा धरू नकोस. मी गाडीचं दार उघडलं आणि लावलं. उघडलं आणि लावलं. त्याने विचारलं, हे काय करतेस? मग मी सांगितलं. तुम्ही, गेट, वही, रबराची पट्टी, दिल्लीला न जाणं, सगळं. माझं इंग्लिश घाईत अडखळतं, तरी तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मग तो फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून बोलू लागला. त्याच्या बापाने आणि त्याने मिळून जन्मभर इथल्याच देशी कंपनीच्या गाड्या घेतल्या, दुसरीकडे पाहिलंही नाही. त्या कंपनीला सरकार वर्षानुवर्षं पैसे देत होतं. पैसे थांबले आणि कारखान्याला कुलूप लागलं. तो म्हणाला, राग पैशाचा नाही, पण आम्ही त्यांच्याबरोबर राहिलो आणि ते गेले. ही यूट त्याने शेतातल्या कामाला म्हणून घेतली होती, कुठल्या देशाची ते न बघता. ती चालली, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीची नवी घेतली. शेडमध्ये तीही होती. मला दाखवली. मला वाटलं, हा तर आपला हेडमास्तर.

त्याने बॉनेट उघडलं आणि मी वाकून पाहत राहिले. बोल्ट नीट आवळलाय हे तपासलं की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, ही तुमच्या खात्याची पद्धत. फिकट झाल्यात, तेलाने काळवंडल्यात, पण रेघा आहेत. तुमच्या हाताच्या असतील असं म्हणत नाही मी. रेघा ओढणारी चाळीस माणसं होती. पण त्यांतली निम्मी आपल्या घरी जेवून गेलेली होती.

शेतकरी म्हणाला, "व्यापाऱ्याला विकणार नसशील तर घेऊन जा. त्या माणसाला मी सांगतो." मी पैसे वाढवायला निघाले तर त्याने हात आडवा केला. एवढंच विचारलं, गिअरची चालवता येते ना? मी हो म्हटलं आणि फाटकाच्या आतच तीन वेळा बंद पाडली. दहा वर्षं क्लच दाबला नव्हता. चौथ्यांदा ती हलली. बाबा, तो आवाज! आपल्या खिडकीखालून पहाटेच्या पाळीला जायचा तोच, घशात खडे असल्यासारखा. मुलगी कानावर हात ठेवून हसत होती, दोन्ही बाजूंना ज्वारी पळत होती, आणि मी खिडकीच्या काचा खाली करून, मास्क काढून, वाऱ्यात तोंड उघडं टाकून चालवत होते. तुम्ही माझ्या गाडीत बसला नाहीत ना? मी तुमच्या गाडीत बसले.

तेव्हापासून एकही शिफ्ट चुकली नाही. पार्किंगमध्ये मी मुद्दाम दारापाशी लावते. कुणी विचारलं की सांगते, सगळ्यांना, न विचारणाऱ्यांनाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक कबूल करते. गेल्या मंगळवारी डोंगराच्या चढावर गाडी तापून बंद पडली. बॉनेटमधून वाफ. लॅबचे साहेब मागून त्यांच्या चकचकीत जपानी गाडीतून आले, थांबले, काच खाली करून विचारलं, ब्रेकडाउन? मी म्हटलं नाही, नो वरीज, आईचा फोन आलाय म्हणून थांबलेय. आणि फोन कानाला लावला. कंपनीची बेअब्रू नको, दुसरं काही नाही. वाफ त्यांना दिसलीच असणार. ते जाईनात, तेव्हा खरं वाटावं म्हणून मी मराठीत बोलायला लागले, आणि तोंडातून पहिला शब्द आला तो आई नव्हता, बाबा होता. मग सगळं बोलत गेले. लाल गाडीसुद्धा. मीठ मीही खाल्लं होतं, हेसुद्धा. साहेब केव्हा गेले कळलं नाही. इंजिन कधीच थंड झालं होतं.