रादामेस बुधवारी येतोय

लॉरेन्स, मॅसॅच्युसेट्स
रविवार, ८ मार्च २०१५

प्रिय आई,

आशीर्वाद द्या. तुमची तब्येत बरी असेल, गुडघे जास्त त्रास देत नसतील अशी आशा करते. आम्ही ठीक आहोत. इथं यंदा बर्फानं कहर केला. खिडकीच्या निम्म्यापर्यंत ढीग साचला होता, आता कुठं तो काळा पडून वितळायला लागलाय. तुमच्याकडे ईस्टरच्या आधीची घेवड्याची गोड खीर शिजत असेल. तिकडे आपल्या तेनारेस गावात या दिवसांत प्रत्येक घरातून जो वास येतो, तो इथं कितीही दूध-नारळ घातला तरी येत नाही.

तुमची नात यारित्सा तेरा वर्षांची झाली. माझ्याहून उंच. शाळेच्या संघात धावते. बोलते कमी. तुमचा फोटो तिच्या टेबलावर आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे हे पत्र तुमची लेक नूरीसच वाचून दाखवणार. नूरीस, सावकाश वाच गं. उजव्या कानाशी बस, त्यांना त्या बाजूनं बरं ऐकू येतं.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, रादामेस दोन ओळीही का लिहीत नाही, आईवर रागावलाय का. नाही आई. तो तुमच्यावर कधीच रागावला नाही. मी तुम्हाला कळवलं होतं की त्याला दुसऱ्या राज्यात नळजोडणीचं मोठं काम मिळालंय आणि तिथं फोन लागत नाही. ते खोटं होतं. तो ऑगस्टपासून कोठडीत आहे.

नूरीस, थांबू नकोस. पत्र घेऊन आलेला बिएन्वेनिदो समोर बसलाय ना? काल रात्री त्याला मी हे अख्खं पत्र वाचून दाखवलंय. माझा चुलतभाऊ आहे, तुझा कुणी नाही. एक ओळ गाळलीस तर ती तो स्वतः सांगेल, आणि तोही उजव्या कानाशीच.

आई, त्यानं काही चोरलं नाही, कुणाला मारलं नाही. खूप जुनी गोष्ट आहे. तो इथं येऊन चार वर्षं झाली होती, आमचं लग्नही ठरायचं होतं. एका मित्राच्या गाडीत बसून घरी येत होता. पोलिसांनी गाडी थांबवली, त्यात कोकेनची एक पुडी सापडली. दोघांनाही बेड्या. सरकारनं दिलेला फुकट वकील त्याला पाच मिनिटं भेटला. म्हणाला, "कबूल कर, आजच घरी जाशील. भांडत बसलास तर महिनाभर आत सडशील." रादामेसला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्यानं कबूल केलं. वर्षभर दर आठवड्याला व्यसनमुक्तीच्या वर्गात जाऊन बसला. हा माणूस, जो नाताळात बिअरचा एक ग्लासही पुरा संपवत नाही! वर्ष संपलं तेव्हा न्यायाधीश हसून म्हणाला, खटला काढून टाकलाय, जा, सुखात राहा. तसा शिक्क्याचा कागदही दिला.

त्या कागदावर आम्ही पुढची सगळी वर्षं काढली. यारित्सा झाली तेव्हा तो नागरिकत्वासाठी अर्ज करायला निघाला होता. इथल्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "अर्ज करू नका. आणि देशाबाहेर पाऊल टाकू नका. कोर्टानं माफ केलं असेल, पण परदेशी माणसांच्या खात्याच्या हिशेबी तुम्ही कबूल केलंत, तिथंच तुम्ही गुन्हेगार झालात. घरात गप्प बसून राहिलात तर बहुतेक कुणी विचारणार नाही. पण एकदा बाहेर गेलात, तर ग्रीन कार्ड असलं तरी परत येताना तुम्ही नव्यानं दार ठोठावणारे."

म्हणून तो बाबांच्या मयतीला आला नाही. तुम्हाला वाटलं कामातून सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी तो न्हाणीघरात नळ सोडून बसला होता, आम्हाला आवाज येऊ नये म्हणून.

नूरीसला हे सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं तिला, फोनवर, बाबा गेले त्या आठवड्यात. ती म्हणाली, "एवढीशी पुडी, इतकी जुनी गोष्ट! यूदेल्का, अमेरिकेत गेलेल्या माणसाला आई नको असली की त्याला कायदे आठवतात." त्यानंतर दर फोनला तेच. मी आईला न्हाऊ घालते, मी तिचं सगळं करते, मी लग्न केलं नाही, आणि राजपुत्र तिकडे बसून सामानाचे खोके पाठवतात. तिचं दुखणं खोटं नव्हतं, हे मी कबूल करते. एकटीनं म्हाताऱ्या माणसाचं करणं सोपं नसतं.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत नाही, आई. तुम्हाला वाटतं रादामेस ऑगस्टमध्ये तुमच्या आठवणीनं आला. नूरीसचा फोन आला होता म्हणून आला. मी फोनच्या शेजारीच उभी होते. ती रडत होती. "आईनं अन्न सोडलंय. पाद्री येऊन शेवटचं तेल लावून गेलेत. तिचं तोंड बघायचं असेल तर आजच्या आज निघ. नाहीतर बापासारखीच आईही फोनवर पुर."

मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. दारात उभी राहिले. तो म्हणाला, "बाजूला हो. एकदा चुकवलं, परत नाही चुकवणार." तो शिक्क्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि गेला.

तो अंगणात शिरला तेव्हा तुम्ही मांडीवर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होतात. तुम्ही परात टाकून उठलात, दाणे सगळीकडे उडाले, कोंबड्या धावल्या. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं, हसत हसत. नूरीस दारात उभी राहून म्हणाली म्हणे, "नाहीतर आला असतास का, भाऊराया?" आणि तोही हसला. मी फोनवर ओरडले, तर मला म्हणाला, "अगं, आई धडधाकट आहे. यापेक्षा चांगली बातमी कुठली?" असा माणूस. नऊ दिवस तुमच्या हातचा तुरीचे दाणे घातलेला नारळाचा भात खाऊन, छपराचे पत्रे बदलून, परत निघाला.

विमानतळावर मी आणि यारित्सा घ्यायला गेलो होतो. विमान रिकामं झालं. पुढचं विमान आलं, तेही रिकामं झालं. आत काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. खिडकीतल्यानं त्याची बोटं यंत्रावर ठेवून घेतली आणि आतल्या खोलीत पाठवलं. तिथला अधिकारी आपल्यातलाच, पोरगेलासा, स्पॅनिश आपल्यासारखीच, शेवटची अक्षरं गिळत बोलणारा. रादामेसला हायसं वाटलं.

"कधी अटक झाली होती, काका?"

"झाली होती, पण खटला काढून टाकला. हा बघा कागद."

"कागद छान आहे. त्याआधी कबूल केलं होतंत?"

"वकील म्हणाला होता, कबूल केलं की..."

"वकिलाचं नाही विचारलं. तुम्ही कबूल केलं होतंत?"

"हो."

"काका, रडू नका. बसा. काही खाल्लंय का?"

त्यानं ग्रीन कार्ड टेबलाच्या खणात टाकलं आणि रादामेसला सँडविच आणून दिलं. तुम्ही दिलेलं चीज कचऱ्यात फेकलं, ते आणायला परवानगी नसते म्हणून. मग बेड्या घातल्या.

कोठडी आमच्या घरापासून गाडीनं दोन तासांवर. मी दर रविवारी जायची. मध्ये काच, हातात फोन. यारित्सा दोनदा आली. दुसऱ्यांदा परत येताना गाडीत म्हणाली, "मम्मी, पप्पांना खरंच माहीत नव्हतं का, की आत्या खोटं बोलते?" ती परत आली नाही.

सुनावणी झाली ती टीव्हीच्या पडद्यावर. तो कोठडीत, न्यायाधीशबाई शहरात. वकीलबाई भांडल्या. घर, मुलगी, कर वेळेवर भरलेले, सगळं सांगितलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मला खेद वाटतो. पण गुन्ह्याआधी सात वर्षं इथं राहिलेल्यालाच मी माफ करू शकते. यांची चारच झाली होती. माझे हात बांधलेले आहेत." त्यांचे हात मी पडद्यावर पाहिले. मोकळे होते, त्यांत कॉफीचा पेला होता.

आता तब्येतीचं. त्याला साखरेचा आजार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आत इन्सुलिन मिळायचं, पण त्यांच्या वेळेनं. आणि पायात रबरी सपाता, एक माप लहान. टाचेला फोड आला. त्यानं सांगितलं, नर्सनं मलम दिलं. परत सांगितलं, परत मलम. नोव्हेंबरात काचेपलीकडे तो एका अंगावर बसायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "ओरखडाय." नाताळच्या आधी बराकीतल्या लोकांनीच आरडाओरडा केला, वास सहन होईना म्हणून. तेव्हा कुठं रुग्णालयात नेलं. मला दोन दिवसांनी कळवलं. मी पोचले तेव्हा त्याचा एक हात पलंगाला साखळीनं बांधलेला होता आणि उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी पहारेकऱ्याला विचारलं, "आता हा कुठं पळणार आहे?" तो म्हणाला, "नियम आहे, बाई."

आई, पाणी घ्या. नूरीस, त्यांना पाणी दे आणि पुढं वाच.

वकीलबाई म्हणत होत्या, अपील करू. आणखी एक वर्ष लागेल, कदाचित दोन, आणि तोवर तो आतच. रादामेसला अपील करायचं होतं. काचेला हात लावून म्हणाला, "यूदेल्का, मी थांबतो. तू फक्त रविवारी येत जा."

मी म्हटलं, "अपील नको. परत जायच्या कागदावर सही कर."

"म्हणजे तिकडे पाठवतील."

"हो."

"मग तू येशील तिकडे? यारित्साला घेऊन?"

मी फोन कानाला धरून बसले. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. परत म्हटलं, "सही कर, रादामेस." त्यानं केली. त्याला वाटलं मी हो म्हणाले.

मी येणार नाही, आई. इथं माझं काम आहे, मुलीची शाळा आहे, आणि हीही खरी कारणं नाहीत. मी दमले. मला त्याच्याकडे बघवत नाही. तो नूरीसला अजून "बिचारी, एकटी पडली होती" म्हणतो, तेव्हा काच फोडून त्याचाच गळा धरावासा वाटतो.

तो बुधवारच्या विमानात असेल, असं वकीलबाई म्हणतात. राजधानीत उतरल्यावर पोलीस फोटो काढतील, बोटांचे ठसे घेतील, चोर-दरोडेखोरांच्या रांगेत दिवसभर बसवतील. कुबड्या विमानात देतीलच असं नाही. नूरीस, भाड्याची गाडी घेऊन जा, पुढची सीट मागं सरकणारी बघ. जखम रोज धुवावी लागते, कोमट पाण्यानं, आणि दुसरा पाय रोज तपासावा लागतो, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. रात्री तो झोपेत उठून उभा राहायला जातो आणि पडतो, म्हणून त्याच्या खोलीत कुणीतरी झोपायला हवं. गल्लीतली माणसं त्याला 'हाकललेला' म्हणतील आणि काम देणार नाहीत. दिवसभर घरातच असेल. न्हाऊ घालायला आता दोघं झाली, नूरीस. तुला भाऊ घरी हवा होता.

आई, तुम्ही काहीच केलं नाहीत. हे पत्र मी एकट्या नूरीसला लिहू शकले असते. पण ती ते चुलीत घालून तुमच्यापुढं हसत बसली असती. तिनं हे तुमच्या कानाशी बसून, तुमच्या चेहऱ्याकडे बघत, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, एवढ्यासाठी तुम्हाला लिहिलं. तुमच्या काळजाचं काय होईल, हा विचार मनात आला होता. तरी लिहिलं.

एकच काम सांगते. तो रोज विचारेल, यूदेल्का कधी येणार. तुम्ही उत्तर देऊ नका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. नूरीसला येतं. तिनं त्याला रोज सांगावं की मी निघालेय.

तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. नूरीसला त्याहून दीर्घ.

यूदेल्का