माझ्या घरातील लूज कनेक्शनबाबत अखेरची इच्छा

मी, सौ. गोजराबाई यादव विधाते, वय एकाहत्तर, सातपूरच्या एका कारखान्यातून सर्किट तपासणीची सुपरवायझर म्हणून निवृत्त, हल्ली घरी जुनी उपकरणे दुरुस्त करणारी, राहणार तळमजला, मोगरा सोसायटी, अशोकनगर, सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. रूपाली खैरनार यांनी ते तपासले. त्यांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ मागे पडते, सेलची पट्टी गंजली आहे, हेही सांगितले. ते घड्याळ सध्या माझ्याकडे आहे. दरम्यान मी गेले तर त्यांना परत करावे. आता ते बरोबर चालते.

हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला. तो माझा एकुलता एक मुलगा कुंदन याने केला. त्याची पाळी पुढे येईल.

कलम १. नाव व संस्कार.
माझे वडील भिमाजी मखमलाबादला शेवंती पिकवत आणि कॉन्व्हेंटच्या चॅपलला फुले देत. त्या ओळखीवर मला तिथे प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी माझे नाव ग्रेस ठेवले. मी वर्षभर त्या नावाला ओ दिली नाही. शेवटी सिस्टर "गो-झ-रा" म्हणायला शिकल्या. माझ्या फोटोखाली पूर्ण नाव लिहावे.
त्याच सिस्टरनी मला रफू करायला शिकवले आणि दुरुस्त होणारी वस्तू फेकणे हे पाप आहे असे सांगितले. नंतरच्या आयुष्यात मला याहून उपयोगी उपदेश कोणी केलेला नाही. सर्व्हिस सेंटरमधली मुले "मॅडम, याचा पार्ट येत नाही, नवीन घ्या" एवढेच म्हणतात.

कलम २. घर.
राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझे पती श्री. यादव गेणू विधाते यांना तहहयात वापरासाठी देते. त्यांच्यानंतर ते कुंदनला मिळावे. मात्र एक अट आहे. यादवराव हयात असेपर्यंत या घरातली एकही वायर, मोटर, दिवा किंवा बटण कोणीही काढायचे, बदलायचे किंवा "नीट" करायचे नाही. यादवरावांना पुण्याला कुंदनकडे हलवायचेही नाही. अट मोडली तर घर सातपूरच्या आयटीआयला द्यावे. तिथली मुले निदान वायर बघून घाबरत नाहीत.
ही अट मला घालावी लागते, कारण गेल्या दिवाळीत कुंदन माझ्यासमोर सुनेला, म्हणजे चैतालीला, म्हणाला, "आईनंतर हे सगळं भंगारात द्यायचं आणि घर स्मार्ट करायचं." मी तिथेच बसले होते. चिवडा खात होते.

कलम ३. खुलासा.
हे कलम वाचताना यादवराव समोर असतील. वाचणाऱ्याने आवाज चढवू नये. नेहमीच्या आवाजात वाचावे, म्हणजे त्यांना काही कळणार नाही.
यादवराव ऐकू शकत नाहीत. फौजेत ते तोफखान्यात होते. तोफेपासून टेहळणीच्या टेकडीपर्यंत टेलिफोनची लाइन टाकणे हे त्यांचे काम, आणि त्या कामात तोफेला "जरा हळू" म्हणण्याची सोय नसते. पेन्शन घेऊन देवळाली कॅम्पातून घरी आले तेव्हा निम्मे कान गेले होते. उरलेले निम्मे मागच्या सिंहस्थाच्या आसपास गेले. हे त्यांनी आजतागायत मान्य केलेले नाही. "मला चांगलं ऐकू येतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलाया लागलेत," असे ते म्हणतात.
मी कानाचे यंत्र आणले. कॅम्पातल्या बाजारात त्यांनी ते कानातून काढून खिशात टाकले. म्हणाले, "अख्खा बाजार डोक्यात शिरतो." यंत्र वाया गेले नाही. त्याचा माइक आता गॅसजवळ बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकतो.
यादवराव मान्य करत नाहीत, म्हणून घरानेच ऐकायला शिकावे असे मी ठरवले. त्यांची आरामखुर्ची दारची बेल वाजली की एकदा थरथरते, कुकरची शिट्टी झाली की दोनदा, आणि फोन आला की उचलेपर्यंत. यासाठी भद्रकालीच्या भंगार बाजारातून जुन्या मोबाइलच्या मोटरी आणल्या. त्याआधी मिक्सरची मोटर लावून पाहिली होती. पहिल्याच बेलला यादवराव खुर्चीसकट देवघरापर्यंत गेले. शेजाऱ्यांना त्यांनी सांगितले, "सुरगाण्याकडं भूकंपाचा धक्का बसला असंल." मी हो म्हटले.
खुर्ची पायांतले रक्त खेळते राहावे म्हणून थरथरते, असे मी सर्वांना सांगितले आहे.
त्यांच्या उशीत एक मोटर शिवलेली आहे. ती पहाटे त्यांना उठवते. "फौजी माणसाला गजर लागत नाय," असे ते बागेतल्या म्हाताऱ्यांना सांगतात. सांगू द्यावे.
टीव्हीचा आवाज बंद आहे. स्पीकर जळला आणि मिळत नाही, असे मी जाहीर केले आहे. स्पीकर माझ्या कपाटात आहे आणि उत्तम आहे. पण आवाज असता तर सगळ्यांनी ऐकले असते आणि एकट्या यादवरावांनी खालच्या ओळी वाचल्या असत्या. आता सगळे वाचतात. चैतालीच्या माहेरची माणसे आली होती, तीही बिचारी अख्खा क्रिकेटचा सामना वाचून गेली.

कलम ४. बोलका डबा.
दिवाळीत कुंदनने एक बोलका डबा आणला. टेबलावर ठेवून म्हणाला, "बाबा, उठायचं नाही. याला नुसतं सांगा, पंखा लाव."
यादवराव डब्याला म्हणाले, "पंखा लाव."
डबा म्हणाला, "कोणत्या खोलीतला पंखा लावू?"
यादवराव वाट बघत राहिले. डबाही वाट बघत राहिला.
"अरे लाव की!"
"माफ करा, मला समजलं नाही."
यादवराव कुंदनला म्हणाले, "हा गप्पच बसलाय. आमच्या युनिटात असता तर मैदानाला चक्कर मारायला लावली असती."
"अहो बाबा, तो विचारतोय तुम्हाला!"
"विचारू दे. मला गप्पा नाय मारायच्या, पंखा लावायचाय."
मग ते उठले आणि मी भिंतीवर बसवलेले जुन्या रेडिओचे बटण फिरवून पंखा लावला. डब्याने विचारले, "आणखी काही मदत करू का?"
मी नसताना यादवराव आणि हा डबा एका घरात राहिले तर काय होईल, ते वाचणाऱ्याने स्वतः ठरवावे. बेल वाजेल, हे उठणार नाहीत. कुकर जळेल, हे पेपर वाचत बसतील. मग कुंदन म्हणेल, बाबांना एकटे ठेवता येत नाही. त्यांना पुण्याला, अकराव्या मजल्यावर नेतील. तिथे ते जन्मभराची ऐट सोडून "मला ऐकू येत नाही" असे म्हणतील. मी असेपर्यंत त्यांना ते म्हणावे लागलेले नाही. मी गेल्यावरही लागू नये. या मृत्युपत्राचा उद्देश एवढाच. बाकीची कलमे ओघाने आली आहेत.

कलम ५. सोसायटीचे चेअरमन श्री. गोटीराम ताजणे.
यांनी ई-कचरा दिनाच्या नावाखाली जिन्याखाली वाळत ठेवलेले माझे दोन रेडिओ उचलून नेले. ते कचरा नव्हते. त्यांना मी नुकतीच आंघोळ घातली होती.
ते असो. बेल वाजली की देवघरातली दिव्यांची माळ लुकलुकते. तीही यादवरावांसाठीच आहे. ती पाहून गोटीराम भर मीटिंगमध्ये म्हणाले, "विधातेबाई जगाचं रिपेअर करतात आणि स्वतःच्या घरात लूज कनेक्शन!" सगळे हसले. मीही हसले. कारखान्यात माझ्या टेबलावरून गेलेली सर्किटची एकही पाटी परत आली नव्हती, आणि मला गप्प बसून लूज कनेक्शनवाली व्हावे लागले. पुढे त्यांनी वायरमन पाठवला. यादवरावांनी त्याला दारातूनच परत पाठवले. "ऱ्हाऊ दे. आमच्या मॅडम बघतील."
सबब, जाहीर करते की माझ्या घरात लूज कनेक्शन नाही, नव्हते, आणि हे वाक्य सोसायटीच्या फळ्यावर पंधरा दिवस लावावे.
या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी गोटीराम यांनाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही होताना बघायची असते.

कलम ६. यादवरावांविषयी तक्रारी.
संसार चांगला झाला, पण दोन तक्रारी नोंदवल्याशिवाय मी जाणार नाही. एक, फिरायला जाताना हे अर्धा पेला पाणी खुर्चीच्या हातावर ठेवून जातात. पीत नाहीत, उचलतही नाहीत. सागवानावर गोल डाग पडले आहेत. दोन, परत आल्यावर किल्ली खिशात असूनही बेल दाबतात आणि चोरासारखे खिडकीच्या गजांतून आत डोकावतात. मग किल्लीने दार उघडून आत येतात आणि "ओके" म्हणतात. कोणाला म्हणतात, देव जाणे. मी कितीदा ओरडले, "किल्ली आहे ना तुमच्याकडे?" पण ओरडण्याचा उपयोग कलम ३ मध्ये सांगितलाच आहे.

कलम ७. बँकेतली ठेव व दागिने.
ठेव यादवरावांना. बांगड्या चैतालीला. तिने त्या मोडून नवीन करू नयेत. करणारच असेल तर मला कळणार नाही अशा बेताने कराव्यात.

कलम ८. हत्यारे.
मल्टिमीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि सोल्डरिंग गन माझी कारखान्यातली मैत्रीण शुभांगी मोरे हिला द्यावी. तिने दर महिन्याला येऊन खुर्ची, उशी आणि दिव्यांची माळ तपासावी. यादवरावांनी विचारल्यास "गोजराची आठवण आली म्हणून आले" असे सांगावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

कलम ८ रद्द. त्याऐवजी पुढीलप्रमाणे.
वरचे कलम काल लिहिले. आज सकाळी यादवराव फिरायला गेल्यावर शुभांगीसाठी वायरींना चिठ्ठ्या लावाव्यात म्हणून खुर्ची उलटी केली. बेलची वायर मधोमध तुटलेली होती. उंदराचे दात स्पष्ट दिसत होते. आणि ती जोडलेली होती.
मी जोडलेली नव्हती. मी जोड सोल्डर करते आणि वर नळी चढवते. इथे दोन टोकांची आधी गाठ मारली होती, मग पीळ दिला होता, मग काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली होती. वायर ओढली तरी जोड सुटू नये म्हणून तोफखान्यात रानातली लाइन अशी जोडतात. लग्न झाल्यावर यादवरावांनी माझी कपडे वाळत घालायची दोरी अशीच जोडली होती. पट्टी जुनी होती, कडेने सुटलेली, धूळ बसलेली. मग मी उशी उसवली. आतही एक गाठ. देवघरामागे तीन.
खुर्चीच्या हातावरचा पेला मीच खाली काढून ठेवला होता. त्याच्याकडे बघता बघता मला कळले. जोड मारला की लाइनवाला पलीकडे घंटी वाजवून बघतो, लाइन चालू आहे की नाही. यादवरावांना खुर्चीची थरथर बाहेरून कळणार कशी? म्हणून पेल्यातले पाणी. बेल दाबायची, खिडकीतून बघायचे, पाणी हलले की "ओके".
म्हणजे यांना सगळे ठाऊक आहे, कितीतरी वर्षांपासून. वायरमनलाही यांनी उगीच घालवले नव्हते. मी यांना कळू देत नव्हते, आणि आपल्याला कळले आहे हे यादवराव मला कळू देत नव्हते. दोघांनी मिळून अख्ख्या सोसायटीत माझी लूज कनेक्शनवाली म्हणून नाचक्की होऊ दिली.
तेव्हा आता असे: सर्व हत्यारे यादवरावांना द्यावीत. सोल्डरिंग गन विशेषकरून, कारण ती गाठ बघवत नाही. शुभांगीला मल्टिमीटरऐवजी टीव्हीचा स्पीकर द्यावा. देखभालीसाठी तिने येऊ नये, गप्पा मारायला यावे. अंमलबजावणी मात्र तिच्याकडेच राहील. यादवराव स्वतःची लाइन स्वतः सांभाळतील. कलम २ ची अट कायम. कलम ३ नेहमीच्या आवाजातच वाचावे. त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, असे त्यांना कोणी सांगू नये.
त्यांचा एकही जोड मी बदललेला नाही. चुकीचा जोड मी जन्मात पहिल्यांदाच तसाच सोडला आहे.
तक्रार क्रमांक एक आणि दोन मागे घेते. सागवानावरचे डाग पॉलिश करू नयेत.

सही करताना झालेली नोंद.
डॉ. खैरनार आणि गोटीराम हे दोन्ही साक्षीदार आले तेव्हा टेबलावर डॉक्टरांच्या घड्याळाचे भाग पसरलेले होते (ते आणखी थोडे चांगले चालावे म्हणून उघडले होते), त्यामुळे मी आरामखुर्चीत बसून मांडीवर पाट घेऊन सही करू लागले. "गोजराबाई" लिहून झाले आणि दारची बेल वाजली. देवघरातली माळ लुकलुकली. गोटीराम डॉक्टरांना म्हणाले, "बघा, लूज कनेक्शन." खुर्ची थरथरली आणि "विधाते" या अक्षरांचा डोंगर झाला. सही वेडीवाकडी आहे ती यामुळे, वयामुळे नव्हे. तशी नोंद डॉक्टरांनी घ्यावी.
खिडकीत यादवराव होते. ते खुर्चीच्या हातावरचा पेला शोधत होते. पेला तिथे नव्हता, मी होते. त्यांनी माझ्याकडे बघितले. मी पेन हातात घेऊन तशीच थरथरत बसले होते. मी मान डोलावली.
किल्लीने दार उघडून ते आत आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ओके."

लिहून देणार: सौ. गोजराबाई यादव विधाते (सही, थरथरलेली)

आमच्यासमोर वरील सही झाली, म्हणून साक्ष:
१. डॉ. रूपाली खैरनार. सही खुर्चीमुळे हलली. बाईंचा हात स्थिर आहे. घड्याळ अद्याप मिळालेले नाही.
२. गोटीराम ताजणे, चेअरमन, मोगरा सोसायटी. मजकूर वाचू दिलेला नाही.

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: ३ डिसेंबर २०२५